आमचा स्लॅब पडला

मराठीत स्लॅब दोन प्रकारे पडतो. एक पडला की पेढे येतात, दुसरा पडला की अग्निशमन दल येतं. क्रियापद मात्र दोन्हीकडे तेच. त्यामुळे 'काल आमचा स्लॅब पडला' असं कुणी सांगितलं की आधी त्याचं तोंड बघावं, मग अभिनंदन करायचं की धीर द्यायचा ते ठरवावं.

माझा स्लॅब यंदा फेब्रुवारीत पडला, पण तो तिसऱ्याच प्रकारचा. तो जमिनीवर पडला, आणि जमिनीवर पडण्यासाठीच जन्माला आला होता.

याची सुरुवात अडगळीपासून झाली. एका सरकारी कार्यालयात ३४ वर्षं काढून मी निवृत्त झालो आणि घरात लक्ष घालू लागलो. घरात लक्ष घातल्यावर पहिल्यांदा दिसतो तो माळा. आमच्या माळ्यावर एक मोटार जळालेला कूलर, चेन नसलेली सायकल, तेलाचे सात रिकामे डबे आणि एक दार होतं. दार कुठलं हे कुणालाच आठवत नव्हतं, कारण घरातली सगळी दारं जागेवर होती. 'हे भंगारात जाणार,' असं बायको म्हणाली. 'हे शेडमध्ये जाणार,' असं मी म्हणालो. शेड नव्हती. पण जी गोष्ट नाही तिच्या भरवशावर निर्णय पुढे ढकलणं ही माझी ३४ वर्षांची कमाई होती.

मागच्या दारी बारा बाय नऊची जागा होती. पाइप आणि पत्रे नंतर, आधी खाली स्लॅब. मी ओळखीच्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने जागा बघितली, तंबाखू मळली आणि विचारलं, "काय करायचं म्हणलासा?"

"स्लॅब टाकायचाय."

त्याने वर बघितलं. वर आकाश होतं. मग खाली बघितलं.

"सायेब, ह्याला कोबा म्हणत्यात. डोक्यावर असतोय त्यो स्लॅब. पायाखाली असतोय त्यो कोबा."

एवढ्याशा कोब्यासाठी माणसं अडकवून ठेवायला त्याला सवड नव्हती. "तुमचं तुम्हीच करा की, न्हाईतरी रिकामंच हाय," असं तो म्हणाला. यात सल्ला किती आणि टोमणा किती हे कळायच्या आत तो गेला होता.

तेव्हा मी मोबाइलवर व्हिडिओ बघायला बसलो. परदेशातली शेड घालणारी माणसं फार नीटनेटकी असतात. टोपी घातलेला एक अमेरिकन गृहस्थ हिरवळीवर उभा राहून सांगत होता की पाया हिमरेषेखाली न्या, नाहीतर हिवाळ्यात जमिनीतलं पाणी गोठून फुगेल आणि स्लॅब वर उचलला जाईल. मी वहीत लिहून घेतलं : हिमरेषा. आम्ही राहतो सांगलीत. इथे गोठतं ते फक्त चौकातलं आइस्क्रीम.

ही वही मी शेजारच्या काकांना दाखवली. काका निवृत्त ओव्हरसियर. त्यांनी आयुष्यभर इतरांची बांधकामं तपासली आणि स्वतःच्या घराला तीस वर्षांत गिलावा केला नाही. ते म्हणाले, "बर्फ नसला म्हणून काय झालं? आपल्याकडे काळी माती आहे. बर्फापेक्षा वाईट."

खरंच होतं ते. कृष्णाकाठची ही काळी माती पिकाला सोनं आणि घराला वैरीण. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि मे महिन्यात तिला अशा भेगा पडतात की पडलेली किल्ली परत मिळत नाही. अशा जमिनीवर थेट काँक्रीट ओतणं म्हणजे झोपेत कूस बदलणाऱ्या माणसाच्या पोटावर काचेचं ताट ठेवणं. काकांनी हुकूम सोडला : दीड फूट माती काढा. त्यात मुरूम भरा. एकदम नाही, सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मस. वर दगडाचं सोलिंग. मग काँक्रीट.

बारा गुणिले नऊ गुणिले दीड, म्हणजे १६२ घनफूट माती. हे मी कागदावर अर्ध्या मिनिटात काढलं. जमिनीतून काढायला दोन गडी लावूनही तीन दिवस लागले, आणि बाहेर आल्यावर ती माती मोकळी होऊन आणखी फुगली. खड्ड्यातली माती त्याच खड्ड्यात मावत नाही, हे मला सरकारी खात्यात असताना कळलं असतं तर बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला असता. गल्लीतल्या बायका 'कुंड्यांना हवीच होती' म्हणत आल्या आणि दोन-दोन घमेली घेऊन गेल्या. उरलेल्या ढिगाला अजून कुंडी मिळालेली नाही.

खड्डा आखण्यापूर्वी गुण्या बघावा लागतो, म्हणजे कोपरा काटकोनात आहे की नाही ते. तीन, चार, पाचचा त्रिकोण गवंड्यांना तोंडपाठ असतो. यज्ञाची वेदी आखण्यासाठी बौधायनाच्या शुल्बसूत्रातही हाच कर्णाचा नियम सांगितलेला आहे. माझी जागा नऊ बाय बाराची, म्हणून कर्ण बरोबर पंधरा फूट यायला हवा होता. मी लाइनदोरी लावून मापला, पंधरा फूट आला. आनंदाने दुसरा कर्ण मापला. तो पंधरा फूट तीन इंच आला. मी खुंट्या हलवल्या. आता दुसरा पंधरा आणि पहिला पंधरा-दोन. असं तासभर चाललं. शेवटी बायकोने खिडकीतून विचारलं, "अहो, टेप दोन्ही वेळी त्याच टोकापासून धरताय ना?" टेपची पहिली दोन इंचं तुटलेली होती. एका कर्णाला मी शून्यापासून धरल्याचं समजत होतो आणि दुसऱ्याला दोनपासून. बौधायनाकडे नुसती दोरी होती, हे त्याचं भाग्य.

मग मालाचा हिशेब. चार इंच जाडीचा कोबा म्हणजे ३६ घनफूट काँक्रीट. पण ओलं काँक्रीट ३६ व्हायला कोरडा माल दीडपटीहून जास्त, म्हणजे साधारण ५५ घनफूट लागतो, कारण खडीच्या फटीत वाळू शिरते आणि वाळूच्या फटीत सिमेंट. एकास दोन, दोनास चार या प्रमाणात सिमेंट, वाळू, खडी. ३२ घनफूट खडी, १६ घनफूट वाळू आणि साडेसहाच्या आसपास पोती सिमेंट. हाताने कालवायचं तर सिमेंट दहा टक्के जास्त, म्हणून सात पोती.

पण दुनिया ब्रासने चालते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. खडीवाल्याला मी फोनवर म्हणालो, "बत्तीस घनफूट पाठवा." पलीकडे शांतता पसरली. मग तो म्हणाला, "साहेब, अर्ध्या ब्रासच्या खाली गाडी निघत नाही. बत्तीस पाहिजे असेल तर पिशवी घेऊन या." अर्धा ब्रास खडी आणि अर्धा ब्रास क्रश सँड आमच्या फाटकाबाहेर येऊन पडली. नदीची वाळू आता आठवणीतच उरली आहे. दोन दिवसांत खडीच्या ढिगावर गल्लीतल्या पोरांनी गड बांधला. वाळूच्या ढिगाचा उपयोग मांजरांनी ठरवला. तो इथे लिहिण्यासारखा नाही, पण माल कालवताना आठवत राहतो.

सळईवरून मोठा वाद झाला. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही, म्हणून त्याच्या पोटात लोखंड घालतात. काकांचं म्हणणं, खाली काळी माती आहे, आठ एमएमची जाळी टाकाच. मिस्त्री 'सहज' डोकावला होता, तो म्हणाला, "जमिनीवर निजल्याल्याला काठी कशाला?" दोघांचंही मला पटलं. म्हणून मी निर्णय पुढे ढकलला. तेवढ्यात बायकोने जाळी मागवली.

आणि इथेच मला पहिल्यांदा जाणवलं की आपण चुकीच्या धंद्यात पडलो आहोत. मी सिमेंटबद्दल वाचत होतो. १८२४ साली जोसेफ अ‍ॅस्पडिन नावाच्या इंग्रज गवंड्याने याचं पेटंट घेतलं आणि पोर्टलंडच्या दगडासारखं दिसतं म्हणून नाव दिलं 'पोर्टलंड सिमेंट'. इथवर ठीक. पुढे लिहिलं होतं की सिमेंटला पाणी लागलं की ते किमान ३० मिनिटं तरी घट्ट व्हायला लागता कामा नये, आणि ६०० मिनिटांच्या आत ते घट्ट व्हायलाच हवं. एखाद्या कामाला किमान आणि कमाल अशा दोन्ही मुदती असतात, आणि त्या पाळल्याही जातात, हे मी आयुष्यात प्रथमच वाचत होतो. माझ्या टेबलावर फायली यायच्या, त्यांना 'प्रलंबित' असा शेरा मिळायचा आणि त्या तशाच्या तशा, मऊ राहायच्या. वीस-वीस वर्षं. सिमेंटवर 'प्रलंबित' लिहिता येत नाही. लिहिलंच तर दुपारपर्यंत तो शेरा कायमचा होतो.

ओतायचा दिवस रविवार. मेहुणे आले, दोन गडी आले, काका खुर्ची घेऊन आले. मिस्त्रीही आला. "काम न्हाई करणार, नुसतं बगायला आलोय." नारळ फोडला. जमिनीवरच्या कोब्याला नारळ फोडतात की नाही यावर काकांनी शंका काढली, पण खोबरं त्यांनीच जास्त खाल्लं.

पत्र्यावर आधी वाळू आणि सिमेंट कोरडंच कालवायचं, दोन्हींचा रंग एक होईपर्यंत. मग खडी. मग मधे आळं करून पाणी. भांडण पाण्यावरच होतं. गड्यांना माल पातळ हवा असतो, कारण पातळ माल आपणहून पसरतो. काकांना घट्ट हवा होता. पोत्याला २५ लिटर, थेंब जास्त नाही. जास्तीचं पाणी उडून जातं आणि मागे भोकं ठेवतं, असं त्यांनी बजावलं. गड्यांना ते पटेना. शेवटी चहा घेऊन आलेल्या बायकोने विचारलं, "तुम्हाला झुणका पाहिजे की पिठलं?"

सगळे गप्प झाले. कारण प्रश्न नेमका तोच होता. तेच बेसन, तीच फोडणी, फरक फक्त पाण्याचा. काका म्हणाले, "झुणका आणि पिठलं यांच्या मधलं." ते तपासायची पद्धतही त्यांच्याकडे होती. त्यांनी प्लॅस्टिकचा मग घेतला, त्यात माल ठासून भरला, पत्र्यावर उपडा केला आणि अलगद उचलला. "भाताच्या मुदीसारखा ताठ राहिला तर कोरडा. वरणासारखा पसरला तर पातळ. मूद थोडी खाली बसायला हवी, जेवायला बसलेल्या माणसाने सुस्कारा सोडल्यासारखी." मूद बसली. काकाही बसले.

३६ घनफूट काँक्रीट म्हणजे जवळजवळ अडीच टन. एका घमेल्यात पंधरा किलो धरले तर एकशेसाठ घमेली. पहिली वीस घमेली मी विनोद करत वाहिली, पुढची वीस शांतपणे. त्यानंतरची मेहुण्यांनी वाहिली आणि तेव्हापासून ते आमच्याकडे मुक्कामाला आलेले नाहीत.

तीन-चतुर्थांश काम झालं आणि फाटक वाजलं. बायकोचे चुलत मामा-मामी लग्नाची पत्रिका घेऊन आले होते.

ज्यांनी कधी काँक्रीट ओतताना पत्रिका स्वीकारली नसेल त्यांना या प्रसंगाची कल्पना यायची नाही. मामांनी पिशवीतून पत्रिका काढली, तिच्यावर अक्षता ठेवल्या आणि दोन्ही हातांनी पुढे केली. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत सिमेंटचे. पत्रिका घेतली तर ती खराब होणार, नाही घेतली तर नातं. मी हात धुतले. आत गेलो. पत्रिका उघडून निमंत्रकांची नावं मोठ्याने वाचली, कारण तशी पद्धत आहे. मंगल कार्यालय कुठलं, तिथे गाड्या लावायला जागा आहे का, हे विचारलं. पोहे आले. मुलगा काय करतो, असं मी विचारलं. ते म्हणाले, सिव्हिल इंजिनीअर आहे. मग मामा माझा स्लॅब बघायला मागे आले आणि म्हणाले, "आमचे जावई म्हणतात, आजकाल हाताने कुणी करत नाही. तयार काँक्रीट गाडीतून मागवतात." आशीर्वाद देऊन ते निघाले तेव्हा पन्नास मिनिटं झाली होती.

पत्र्यावर अर्ध्या पोत्याचा माल कालवलेला होता. गडीही पोहे खात होते. मी फावडं मारलं, ते वाजलं. पाण्याची बादली उचलली तशी मिस्त्रीने हात आडवा घातला.

"पाणी घालू नगा. आता त्यो माल न्हाई, दगड हाय. त्याला अजून ठावं न्हाई, एवढंच."

तो गोळा आम्ही फाटकापाशी ढकलला. वाऱ्याने फाटक आपटू नये म्हणून आता तो तिथे लावतात. घरात त्याला 'मामा' म्हणतात. 'रात्री मामांना लावून घ्या' असं बायको सांगते, तेव्हा पाहुणे बिचकतात.

अर्धं पोतं कमी पडलं. मी स्कूटरवर जाऊन पायाशी आठवं पोतं घेऊन आलो, वासराला घेऊन यावं तसं सांभाळून. परत येतो तो मिस्त्री बाह्या सरसावून खड्ड्यात उकिडवा बसलेला. नुसतं बघायला आलेल्या माणसाच्या हातात थापी होती. त्याने अ‍ॅल्युमिनियमची पट्टी फळ्यांवर टेकवली आणि करवतीसारखी मागे-पुढे सरकवत ओढत आणली. उंचवट्यांचा माल खळग्यांत गेला. मग गुरमाळा फिरवला. खडी खाली दबली, वर राखाडी साय आली. इतका वेळ जो चिखल होता तो एकदम 'जमीन' झाला. कुणीच काही बोललं नाही. मिस्त्रीने एका कोपऱ्यात बोटाने पुसून बघितलं, जणू आमटीला मीठ लागलंय का ते.

"उतार कुठं द्यायचा?" त्याने विचारलं.

मी लेव्हलची नळी दाखवून अभिमानाने म्हणालो, "उतार नाही. अगदी सपाट. एक सूतही फरक नाही. वर शेडच येणार आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता तंबाखू मळली.

दुसऱ्या दिवसापासून पाणी मारणं. सगळे विचारायचे, "वाळला का?" मी सगळ्यांना सांगायचो की काँक्रीट वाळत नाही, मुरतं. लोणच्यासारखं. फरक इतकाच की लोणच्याला पाण्याचा थेंब लागला तर ते नासतं, आणि काँक्रीटला पाणी मिळालं नाही तर. उन्हाच्या दिवसांत किमान दहा दिवस ते ओलं ठेवायचं आणि २८ दिवसांनी त्याची ताकद मोजायची. कडेने मातीचे बांध घातले, आत पाणी भरलं, वर गोणपाट. सकाळ-संध्याकाळ मी पाइप घेऊन उभा. सेवेत असताना कुठल्याही कामाचा इतका पाठपुरावा मी केला नव्हता. एकविसाव्या दिवशीही मी पाणी मारतोय हे बघून काका म्हणाले, "पुरे आता, मोड येतील त्याला."

अठ्ठाविसाव्या दिवशी मी गोणपाट काढले आणि पत्रेवाल्याला फोन केला. तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात. हे उत्तर मला ओळखीचं वाटलं.

त्याच आठवड्यात ऊन तापलं. एका सकाळी मागच्या दारी गेलो तर माझ्या स्लॅबवर बायकोची जुनी नऊवारी अंथरलेली आणि तीवर गव्हाच्या कुरडया. दुसऱ्या दिवशी शेजारणीचे सांडगे आले. मग साबुदाण्याच्या पापड्या, मग मिरच्या. संबंध गल्लीत इतकी सपाट, स्वच्छ, उन्हातली जागा दुसरी नव्हती. पत्रेवाला शेवटी आला तेव्हा तीन बायकांनी त्याला जिन्यापाशीच अडवलं. "पत्रे घातल्यावर ऊन कुठून येणार?" या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. शेड प्रलंबित. कूलर, सायकल आणि ते बेवारस दार भंगारात गेलं. शेडची जागा तयार झाली तीच मुळी शेडीतल्या वस्तूंच्या मुळावर आली.

आणि मग जून आला. सांगलीकराला पाण्याची उंची इंचाइंचाने मोजायची सवय असते. आयर्विन पुलापाशी चाळीस फूट म्हणजे इशारा आणि पंचेचाळीस म्हणजे धोका, हे इथे शाळेतलं पोरही सांगतं. माझ्या स्लॅबवर पहिल्याच पावसात पाऊण इंच पाणी उभं राहिलं. कडेचे मातीचे बांध काढायचे मी पुढे ढकलले होते, आणि मधे तर एक सूतही फरक नव्हता. पाणी कुठे जावं हे त्याला कळेना. मिस्त्री थापी न्यायला आला होता. तो कितीतरी वेळ बघत उभा राहिला.

"थांबलंय बगा, सायेब. वरनं आदेश आल्याबिगर हलायचं न्हाई."

तेव्हापासून पाऊस उघडला की मी खराटा घेऊन बाहेर पडतो आणि पाण्याला स्वतः मार्गी लावतो. काल असाच झाडत होतो. आत बायकोच्या बहिणीचा फोन आला होता. खिडकीतून ऐकू येत होतं.

"हे ना? हे बाहेर स्लॅबवर आहेत, पाणी काढतायत."

मी खराटा थांबवला. या घरात, या गल्लीत, चार महिन्यांत त्याला स्लॅब म्हणणारं दुसरं माणूस पहिल्यांदा भेटत होतं.

पलीकडून मेहुणी घाबरून काहीतरी म्हणाली असावी. अशा पावसात, या वयात, स्लॅबवर?

"छे गं," बायको म्हणाली. "पडलेच तर चार इंचांवरून पडतील."